उलटी लावलेली डबी

टीव्हीचं चित्र वाटता येतं का, हा प्रश्न मला पहिल्यांदा दोन सख्ख्या भावांनी विचारला, तोही एकमेकांची गचांडी धरून.

तुमसरच्या बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान होतं. सत्तरच्या दशकात रेडिओ आणि ट्रान्झिस्टर, ऐंशीनंतर टीव्ही. नागपूरचा टॉवर आमच्यापासून बराच लांब. त्यामुळे घरावर उंच पाइप, त्यावर माशाच्या काट्यासारखा अँटेना आणि अँटेनाखाली चित्राला जोर देणारा बूस्टर, एवढं केल्याशिवाय आमच्याकडे पडद्यावर माणूस उभा राहत नसे. असा डोलारा एका व्यापाऱ्यानं आपल्या घरावर उभारला. भिंतीपलीकडे त्याचा धाकटा भाऊ राही. त्यानंही टीव्ही आणला आणि थोरल्याची वायर मध्येच सोलून आपली वायर तिला पीळ देऊन जोडली. झालं! दोन्ही घरांत बातम्या सांगणाऱ्या बाईच्या मागे तिची सावली दिसायला लागली, आणि सावलीच्या मागे आणखी एक सावली.

"यानं माह्यं चित्र चोरलं," थोरला माझ्या दुकानात येऊन ओरडला.

"चोरलं असतं त माह्याकडे चांगलं नसतं का दिसलं?" धाकटा म्हणाला. "माह्याकडे बी तीनच बाया दिसून राहिल्या!"

धाकट्याचं म्हणणं बिनतोड होतं. नुसता पीळ दिला की चित्राचा काही भाग त्या जोडावर आपटून मागे फिरतो आणि उशिरा पोचतो, त्याची सावली दिसते. वाटणी करायची तर जोडाच्या जागी अशी काहीतरी वस्तू लागते, की येणाऱ्या तारेला वाटावं पुढे एकच तार आहे, आणि जाणाऱ्या दोन्ही तारांना वाटावं मागे आपल्याशिवाय कुणी नाही. मी भंगारातल्या टीव्हीतून फेराइटचा एक काळा चुंबकी मणी काढला. त्यावर बारीक तांब्याच्या तारेचे मोजके वेढे दिले, एक रेझिस्टर लावला आणि सगळं साबणाच्या पत्र्याच्या डबीत बसवलं. एक तोंड आत, दोन बाहेर. डबीला वीज लागत नाही, बटण नाही, काही हलत नाही. जे येईल त्याचे दोन भाग करून देते, बस. दोन्ही भावांकडे एकेकच बाई दिसायला लागली. भांडायला त्यांनी दुसरा विषय शोधला.

आता गावोगाव काचेच्या तारेतून उजेड जातो म्हणतात, त्यातही हीच विद्या आहे. आमच्या गल्लीत फायबर जोडायला ज्या बाई आल्या होत्या त्यांनी मला त्यांचा स्प्लिटर दाखवला. माचिसच्या काडीएवढी नळी. केसासारख्या दोन काचेच्या तारा शेजारी शेजारी धरून तापवतात, ओढतात, आणि त्या जिथे एकमेकींना बिलगून बारीक होतात तिथे एकीतला उजेड दुसरीत झिरपतो. किती ओढलं यावर किती झिरपेल ते ठरतं. अर्धा अर्धा करता येतो, किंवा एकीला दहातला एक आणि दुसरीला नऊ. त्यालाही वीज लागत नाही. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, असं बत्तीस घरांपर्यंत नेतात. पण दर वाटणीला उजेड निम्मा होतो, म्हणून कुठे थांबायचं ते आधी ठरवावं लागतं. त्या बाई हे सगळं मला समजावत होत्या आणि मी मान हलवत होतो. दहातला एक आणि नऊ म्हणजे काय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. त्याचीच हकिगत सांगायची आहे. चाळीस वर्षं मी ती टाळली.

आंबागडच्या बाजूला, डोंगराच्या आडोशाला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, माणसं आहेत. डोंगर नेमका नागपूरच्या बाजूला, त्यामुळे या गावात कितीही उंच पाइप उभारा, पडद्यावर मुंग्याच मुंग्या. गावात तीन टीव्ही आले होते आणि तिन्ही आंधळे होते. एक गुणवंतरावांचा. ते धानाच्या गिरणीचे मालक, गाव त्यांना 'मालक'च म्हणे. दुसरा ग्रामपंचायतीचा. तिसरा टोलीचा. टोली म्हणजे गावाबाहेर, तलावाच्या पलीकडच्या काठावरची ढिवरांची वस्ती. तलावातल्या मासोळीवर जगणारी माणसं. त्यांच्या सोसायटीनं टीव्ही घेऊन समाजमंदिरात मांडला होता.

गुणवंतराव स्वतः दुकानात आले. "मनोहर, आमच्या गावात चित्र आनून देतोस का?"

मी गाव पाहून आलो आणि सांगितलं, अँटेना गावात चालणार नाही, डोंगराच्या सोंडेवर न्यावा लागेल. तिथून नागपूर मोकळं दिसतं. तिथून केबल खाली आणायची, आणि एका केबलमधून तिघांना द्यायचं. अँटेना, बूस्टर आणि केबल मालकांनी आणली. खांब, दगडांचा चबुतरा आणि अंगमेहनत टोलीनं करायची असं ठरलं. चित्र तिघांना सारखं.

कार्तिक संपत आला होता. धान कापून झालं होतं. टोलीतल्या तीस-चाळीस बाया-माणसांनी तीन दिवस डोक्यावरून दगड वर वाहिले. त्यांच्या पुढे फुलाबाई असे. चाळिशीची, काटक, काष्टा घट्ट खोचलेली. तिचा भाऊ दामू सोसायटीचा कारभारी, टीव्ही त्यानंच निवडून आणला होता. सोंडेवर पोचल्यावर फुलाबाई मला म्हणाली, "भाऊ, एवढ्या वरून चित्र खाली येते त रस्त्यात सांडत नाई का जी?"

मी हसलो, पण तिनं नेमकं विचारलं होतं. केबल चित्र खाते. जितकी लांब केबल, तितकं चित्र सांडतं. म्हणून मी डब्या अशा बनवल्या होत्या, की जवळच्या घराला थोडं आणि लांबच्या घराला जास्त. मालकांचं घर डोंगराच्या पायथ्याशी. तिथल्या डबीतून त्यांना दहातला एक हिस्सा, नऊ पुढे. पंचायतीच्या डबीतून पंचायतीला दहातला एक, नऊ पुढे टोलीला, कारण तिथून तलावाच्या पाळीवरून लांब जायचं होतं. कागदावर वाटणी विषम, पडद्यावर तिघांकडे सारखं चित्र. मला त्या हिशेबाचा फार अभिमान वाटत होता.

सगळं जोडून झालं त्या दुपारी मालकांनी मला गिरणीत बोलावलं. धानाच्या पोत्यांआड दोघंच होतो.

"टोलीत बी आमच्याएवढंच चांगलं दिसन काय?"

"हो मालक. ठरलं तसंच."

ते एका पोत्यावर टेकले. "मनोहर, टीव्ही मी घेतला तवा गाव माह्या अंगनात बसाले आलं. मुंग्या होत्या, तरी आलं. मी सतरंज्या आनून ठेवल्या. आता सगळ्याइच्या घरी सारखंच दिसलं त माह्या अंगनात कोन येईन?"

मी सांडलेलं धान पायानं सारत राहिलो.

"बंद नोको करू. ते बोभाटा करतीन. येऊ दे चित्र, पन पुसट येऊ दे. जमते ना?"

जमतं. तेच तर वाईट होतं. पंचायतीजवळची शेवटची डबी नुसती उलटी लावायची. पंचायतीला नऊ हिस्से, टोलीला एक. वरून पाहणाऱ्याला काही कळणार नाही. डबी तीच, वायरी त्याच, फक्त तोंडं बदललेली. मालकांच्या नात्यात तीन गावांत गिरण्या होत्या आणि तिथली अँटेना-टीव्हीची सगळी कामं मला मिळायची होती. दुकान नुकतंच माझ्या एकट्याच्या नावावर झालं होतं. मला माझी कारणं सांगायची नाहीत. कुणाकडेही ती असतातच.

पंचायतीजवळच्या खांबावर मी चढलो. पेचकसाचं दोन मिनिटांचं काम. खाली फुलाबाई शिडी धरून उभी होती.

"काही राह्यलं का जी?"

"थोडं घट्ट करून राहिलो," मी म्हणालो.

महिना-सव्वा महिना गेला. पौषातला एक रविवार. सकाळी दुकानासमोर बैलबंडी थांबली. बंडीत धानाचं तणस, तणसात वाकळ, वाकळीत टीव्ही. फुलाबाईनं तो एखाद्या आजारी माणसाला उतरवावं तसा उतरवून घेतला.

"भाऊ, आमचा संच बिघडला. पाहा जी."

"काय होते?"

"मुंग्या. मानूस दिसते त दिसते, नाई त नाई. पंचायतीत चांगलं दिसते, मालकाकडे त आरशावानी. मालक म्हनते, तुमच्या कारभाऱ्यानं सस्ता माल आनला."

मी मागचं झाकण उघडलं. काय सापडणार होतं? तरीही मी मीटरच्या सुया इकडेतिकडे लावत पाचेक मिनिटं काढली, कारण वर पाहायची हिंमत होत नव्हती. मग दुकानाच्या अँटेनाची वायर त्याला लावली आणि बटण दाबलं. रविवार सकाळचे कार्यक्रम चालू होते. कुणीतरी बाई तंबोरा घेऊन गात होती. तंबोऱ्याच्या तारा मोजून घ्याव्यात इतकं स्वच्छ चित्र.

फुलाबाई जमिनीवर बसून गाणं संपेपर्यंत ते बघत राहिली.

"येथं त दिसून राह्यलं."

"हो."

"मंग तिकडं काहून नाई?"

माझ्या धंद्यात अशा प्रश्नाला डझनभर उत्तरं असतात. हवामान, डोंगर, दव, केबलमध्ये पाणी. ग्राहकाला कळत नाही आणि तो मान डोलावून जातो. ती सगळी उत्तरं माझ्या तोंडाशी आली होती.

"संचात खोट नाही फुलाबाई," मी म्हणालो. "वाटणीत खोट आहे. ती मी केली."

"चुकून केली का जी?"

"नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती पदरानं टीव्हीची काच पुसत राहिली, जिथे धूळ नव्हतीच.

"आमी दामूले लय बोललो जी," शेवटी ती म्हणाली. "सोसायटीचा पैसा बुडवला म्हनून टोलीनं त्याच्याशी बोलनं सोडलं. मी त्याची सखी बहीन, मी बी सोडलं. तो आता समाजमंदिरात येत नाई. त्याचं काय करू आता?"

मी टीव्ही वाकळीत गुंडाळला, दुकानाला कुलूप घातलं आणि तिच्याच बंडीत बसून गावाला निघालो.

आधी डबी सरळ केली. मग टोलीत जाऊन समाजमंदिरात संच जोडला. चित्र आलं, लोक जमले. त्या सगळ्यांसमोर मी काय केलं होतं ते सांगितलं. पुसट सांगितलं नाही. दामू मागे कडुनिंबाखाली उभा होता. माझं बोलणं संपल्यावर तो पाठ फिरवून तलावाकडे निघून गेला. टोली त्याच्याशी बोलायला लागली, तो टोलीशी बोलायला लागला, पण माझ्याशी त्यानंतर कधी एक शब्द बोलला नाही. दोन-चार वर्षांपूर्वी तो वारला असं कळलं. एवढं मात्र दुरुस्त करता आलं नाही.

तिथून गिरणीत गेलो.

"मालक, डबी सरळ केली."

"कोनाच्या हुकमानं?"

"माझ्याच."

"अँटेना कोनाचा?"

"तुमचा."

"बूस्टर, केबल?"

"तुमची."

"मंग हुकूम तुहा कसा?"

"डबी माझी आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मालकांची माणसं डोंगरावर गेली. अँटेना उतरवला, बूस्टर काढला, केबलचं वेटोळं करून गिरणीत टाकलं. वर राहिला फक्त दगडाचा चबुतरा आणि खांब. मालकांच्या स्वतःच्या घरातलं चित्रही त्याबरोबर गेलं. पण रागात माणूस तेवढं सोसतो. नात्यातल्या तिन्ही गिरण्यांचे निरोप आले, की मनोहर मिस्त्रीनं येऊ नये.

तो निरोप आला त्याच दिवशी मी ठरवलं, की त्या गावात चित्र आणायचं. उपकार म्हणून नव्हे. मी घेतलेलं काम पुरं झालं नव्हतं, आणि अपुरं काम ठेवून मला दुकानात बसवेना.

अँटेनाची अडचण नव्हती. ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून अँटेना बनवणं माझ्या हातचं होतं. बूस्टरही जमण्यासारखा. अडत होती केबल. तेवढी लांब केबल आणणं मला शक्य नव्हतं आणि टोलीलाही नाही. मग मला जुनी गोष्ट आठवली. चित्र न्यायला गोल केबलच पाहिजे असं नाही. दोन उघड्या तारा शेजारी शेजारी नेल्या तरी चालतं, उलट त्यात चित्र कमी सांडतं. अट एकच. दोन तारांमधलं अंतर पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत सारखं पाहिजे. कुठे जवळ आल्या, कुठे लांब गेल्या, की तिथून चित्र मागे फिरलं आणि सावल्या पडल्या.

तारा मिळाल्या. जळक्या मोटारपंपांतलं तांब्याच्या तारेचं वाइंडिंग माझ्या दुकानामागे पडलेलं होतं, आणखी ओळखीच्या वाइंडिंगवाल्यांकडून आणलं. तुकड्याला तुकडा डाग देत सगळा माघ आणि अर्धा फाल्गुन गेला. अंतर मात्र कसं राखायचं? शहरात त्यासाठी प्लॅस्टिकचे तयार तुकडे मिळत. माझ्याकडे बांबू होता. बांबूच्या चिपा मेणात बुडवून दोन तारांमध्ये आडव्या बांधायच्या, दर दोन हातांवर एक. शेकडो चिपा, सगळ्या एका मापाच्या. मी टोलीत बसून फुटपट्टीनं मोजून दहा कापल्या, त्यातल्या चार चुकल्या.

फुलाबाई बघत होती. "सरका जी," ती म्हणाली आणि घरात जाऊन बांबूची एक गुळगुळीत पट्टी घेऊन आली. जाळं विणताना सगळे डोळे सारखे पडावेत म्हणून त्यांच्याकडे अशी पट्टी असते. सूत तिच्याभोवती घ्यायचं, गाठ मारायची, पट्टी काढायची. वर्षानुवर्षं सूत घासून तिच्या कडा शिंगासारख्या झाल्या होत्या. "एवढं अंतर चालन काय?"

मी मोजलं. मला हवं होतं त्यापेक्षा किंचित जास्त होतं. पण अंतर किती आहे यापेक्षा सगळीकडे तेवढंच आहे याला महत्त्व, आणि बाकीचा मेळ मला टोकाच्या डबीत घालता येत होता.

"चालन," मी म्हणालो.

त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. टोलीच्या बाया ओटीवर ओळीनं बसल्या, पट्टी हातोहात फिरली, आणि जाळं विणणाऱ्या बोटांनी ती दोन तारांची शिडी विणून काढली. त्यांची गाठ ओली झाली की आवळते, सुटत नाही. इतकी वर्षं या धंद्यात काढली, यंत्रानं बनवलेल्या केबली पाहिल्या, पण त्या तारेसारखं एकसारखं काम हातातून झालेलं मी पाहिलं नाही.

लाइन मालकांच्या घराकडून न्यायचा प्रश्नच नव्हता. डोंगराच्या सोंडेवर टोलीच्याच खांबावर नवा अँटेना चढवला, लाइन तिथून सरळ तलावाच्या पाळीवर उतरवली, पाळीवर बांबू रोवून टोलीत आणली, तिथून पंचायतीला. बूस्टरला लागणारी थोडी वीज समाजमंदिरातून, त्याच दोन तारांवरून उलटी वर पाठवली. एकाच तारेवरून वीज वर जाते आणि चित्र खाली येतं, दोघं एकमेकांना धक्का लावत नाहीत, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही, पण तसंच असतं.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा चित्र आलं आणि मागे एक फिकट सावली. मी पाळीवरून लाइन हातानं चाचपत निघालो. पाळीच्या मध्यावर एका बांबूला वेल गुंडाळला होता आणि त्यानं एक तार आत ओढली होती. वेल तोडला. टोलीतून ओरडा ऐकू आला, म्हणजे सावली गेली असावी. मी तिथेच पाळीवर बसलो. तारा आणायला निघाल्यापासूनचा थकवा एकदम आला, आणि खरं सांगायचं तर थोडं रडूही.

उन्हाळा लागला. रविवारी सकाळी समाजमंदिर आणि पंचायत दोन्ही भरू लागली. मालकांच्या घरच्या सुनासुद्धा पंचायतीत येऊन मागे बसत. मालकांनी आपला अँटेना गच्चीवर लावून पाहिला, मुंग्या. पुन्हा डोंगरावर न्यायचा तर चबुतरा आणि खांब टोलीचे, आणि वर चढायला गावातला माणूस मिळेना. चैत्रात एकदा मी टोलीत डबी तपासायला गेलो होतो, तेव्हा पंचायतीचे सचिव निरोप घेऊन आले. मालक म्हणतात, आमच्या घरापर्यंत लाइन येईल का?

समाजमंदिरासमोर माणसं जमली. कुणी म्हणालं, देऊच नका. एक म्हातारा हसून म्हणाला, "द्या ना जी. पन त्याले पुसट द्या. मनोहरभाऊले येते तसं कराले."

सगळे हसले. फुलाबाई हसली नाही. "येते ना जी तुमाले?" तिनं विचारलं.

आता मालकांचं घर लाइनच्या शेवटी होतं. वेगळं काही करायचीही गरज नव्हती, हिशेब नीट केला नाही तरी आपोआप पुसट झालं असतं.

"येते," मी म्हणालो. "एकदा केलं. आता कुणाच्याच घरी करणार नाही. द्यायचं तर सारखं देईन, नाहीतर दुसरा मिस्त्री पाहा."

मला वाटलं, या गावातलंही माझं काम संपलं.

फुलाबाई उठली. "माह्यी पट्टी कोनाकडे आहे?" ती बायांना म्हणाली. "आना. मालकाच्या घरापावतर लाइन लय लांब आहे, चिपा पुष्कळ लागतीन."

आठ दिवसांत लाइन मालकांच्या घरी पोचली. या वेळी डब्या मी खाली बसून, सगळ्यांसमोर लावल्या. टोलीला दहातला एक, पंचायतीला थोडा जास्त, उरलेलं सगळं शेवटच्या घराला. मालकांच्या बैठकीत रविवारी सकाळी संच लावला. चित्र आरशासारखं आलं. सुना, पोरं, गडी, सगळे पुढे सरकले. मालक मात्र पडद्यावरून माझ्याकडे आणि माझ्यावरून पडद्याकडे बघत होते.

"टोलीत कसं दिसते?"

"असंच."

"याच्यापेक्षा चांगलं नाई?"

"नाही मालक. एवढंच."

त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसलेला नव्हता. बसणार कसा? चित्र पुसट करता येतं आणि कुणाला कळत नाही, हे गावात त्यांच्याइतकं नीट कुणाला माहीत होतं? थोड्या वेळानं त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि भर उन्हात निघाले. मी हत्यारं गोळा करून मागोमाग गेलो. पंचायतीवरून, तलावाच्या पाळीवरून, डोक्यावरची ती तारांची शिडी बघत ते टोलीत आले. त्या वस्तीत ते याआधी कधी आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

समाजमंदिराच्या दाराशी ते थबकले. आत तोच कार्यक्रम चालू होता, जो त्यांच्या बैठकीत चालू होता. त्यांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आतल्या माणसांनी वळून त्यांना पाहिलं.

फुलाबाईनं कोपऱ्यातली चटई ओढून अंथरली.

"बसा ना मालक," ती म्हणाली. "घरी बी हेच दिसून राह्यलं."

मालक काठी भिंतीला टेकवून आत आले आणि चटईवर बसले.